चौथं कारण

माझ्या वडलांना माणसांना नावानं हाक मारायची सवय नव्हती. जिभेचं टोक टाळूला लावून ते एक आवाज काढायचे, टक् टक् असा, आणि गॅरेजात ते ज्याच्याकडे बघत असतील तो माणूस हातातलं काम ठेवून उठायचा. तो आवाज आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आबा भीमेच्या अलीकडे-पलीकडे मेंढरं राखायचे आणि त्या आवाजावर त्यांचा अख्खा कळप वळायचा, असं घरात सांगत. मी ती मेंढरं पाहिली नाहीत. माझ्या जन्माआधीच ती विकून न्हावऱ्याच्या पुढं रस्त्याकडेला जागा घेतली होती, पत्र्याची शेड उभी राहिली होती आणि वडील ट्रकांची कामं घेऊ लागले होते. आवाज तेवढा शिल्लक होता. आईला आणि मलाही त्याच आवाजानं हाक यायची. शाळेत मी एकदा मैत्रिणीला चुकून तसंच बोलावलं, तेव्हा ती हसली आणि मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

गॅरेज पुढं, घर मागं, मधली भिंत एकच. स्वयंपाकघराची खिडकी थेट खड्ड्यावर उघडायची, ज्यात उतरून माणसं ट्रकच्या पोटाखाली काम करत. त्यामुळं आमच्याकडे फोडणीचा वास आणि गिअर ऑइलचा वास असे एकात एक असायचे. गिअर ऑइलचा वास ज्यांना माहीत नाही त्यांना तो सांगता येत नाही. जळका, गंधकासारखा, अंगाला चिकटणारा. आई हुलग्याचे शेंगोळे करायची, त्यात लसूण भरपूर घालायची, तरी पहिल्या घासाला तो वास यायचाच. बाहेर नट खोलायच्या हवेच्या बंदुकीचा खर्रर्र आवाज, कुठंतरी हातोडा, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत कारखान्याकडे चाललेल्या. आज माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता असते की मी जेवताना मोबाईलवर काहीतरी लावून ठेवते.

मला शिरूरला इंग्लिश मीडियममध्ये घातलं होतं. तिथं वर्गात मराठी बोललं की नाव लिहून घेत, आणि घरी आल्यावर माझ्या तोंडून काहीच निघत नसे, ना मराठी ना इंग्लिश. "शाळेत इंग्रजीत मुकी, घरात मराठीत मुकी," वडील म्हणायचे. "दोन भाषा शिकलीय आमची पोरगी, दोन्हीत गप बसती." पण वाचायला मला यायचं, आणि त्यांनी त्याचा उपयोग शोधून काढला होता. स्पेअर पार्टचा खोका आला, डब्यावर काही छापलेलं असलं की टक् टक् करून मला बोलवायचे. "वाचा, मॅडम." मग सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. मी आधी इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. आधी मराठीतच सांगितलेलं त्यांना चालत नसे. कळत नसताना उभं राहिलेल्या माणसांचे चेहरे त्यांना बघायचे असत. वाचून झालं की ते त्या चेहऱ्यांकडे बघून म्हणायचे, "ऐकलं का मेंढरांनो? अठरा वर्षांची हाय." माझं इंग्रजी ही त्यांच्या हातातली काठी होती. मला ते कळत होतं, आणि मी प्रत्येक वेळी खणखणीत वाचत होते.

संध्याकाळी जेवायला बसलो की कुणीतरी एकजण त्यांच्या तावडीत असायचा. बहुतेक आई नाहीतर मी. भाकरी जाड झाली, मी पाहुण्यांसमोर मान वर केली नाही, आई माहेरी जास्त वेळ फोनवर बोलली. ते ओरडायचे नाहीत. हसत हसत, घास चावत, एकच गोष्ट धरून अर्धा तास बोलत राहायचे, आणि आपण हसलो नाही तर "राग आला का?" असं विचारायचे. ज्या दिवशी गॅरेजातला कुणी त्यांच्या तावडीत सापडलेला असे, त्या दिवशी मात्र आम्हाला सुट्टी. जेवताना ते त्याच्याच गोष्टी सांगायचे आणि आई त्यांना पुन्हा पुन्हा वाढायची. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याला भीतीबरोबर हेही कारण होतं.

गॅरेजात खरं काम यायचं ते हमीदमामांना. ते शिरूरचे. त्यांच्या तीन पिढ्या तिथल्याच, त्यांचे वडील टांगे दुरुस्त करायचे. माझे वडील पाना धरायला शिकले ते त्यांच्याच हाताखाली. तेव्हा वडील त्यांना उस्ताद म्हणायचे आणि ते वडलांना अरेतुरे करायचे. जागा आमची झाली, शेड आमची झाली, मामा आमच्याकडे कामाला आले, आणि हळूहळू उलट झालं. वडील "हमीद" म्हणू लागले, मामा "आप्पा, तुम्ही" म्हणू लागले. हे कुणी ठरवलं नव्हतं. मामांचे डोळे अधू झाले होते, पण ते बोटांनी आणि कानांनी काम करायचे. ऑइल सील बसवताना मी खिडकीतून त्यांना बघत बसायचे. सील म्हणजे बांगडीएवढी रबराची कडी, बाहेरून लोखंडी. फिरणाऱ्या दांड्याभोवती ती घट्ट बसते आणि आतलं तेल बाहेर येऊ देत नाही. आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यानं ते जागा पुसायचे, रबराच्या ओठाला ग्रीस लावायचे, वर पाइपचा एक तुकडा ठेवून हळूहळू ठोकायचे. फिरवून फिरवून, सगळीकडून सारखं. ठक, ठक, ठक. आणि मग एकदम आवाज बदलायचा, ठण्ण. "बसलं," ते म्हणायचे. बघायचे नाहीत.

सिलाची माळ हीसुद्धा त्यांचीच. ज्यानं बसवलेलं सील गळून गाडी परत आली, त्यानं ते खराब सील तारेत ओवून गळ्यात घालायचं, पुढच्या चहापर्यंत. चहा झाला की काढायचं आणि खिळ्याला टांगायचं. मामा उस्ताद होते तेव्हा त्यांनी ही रीत काढली होती, शिकाऊ माणसांसाठी. माझ्या वडलांनीही ती घातली होती. तेव्हा म्हणे चहा लगेच यायचा आणि त्या चहात सगळे हसायचे, माळवालासुद्धा. वडलांनी रीत चालू ठेवली, फक्त चहा कधी येणार हे आता ते ठरवायचे.

माझी बारावीची परीक्षा संपली होती आणि उसाचा हंगाम शेवटाला आला होता, तेव्हा दौंडकडून तो ट्रक आला. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेला, जुना, हिरवा. त्याचे मालक बापू, ओल्या रानात रुतलेल्या उसाच्या गाड्या ओढून काढायचं काम करायचे. आपल्या साध्या ट्रकला मागची चाकंच जोर लावतात. या ट्रकला पुढचीही जोर लावायची, म्हणून पुढच्या दोन चाकांच्या मधोमधही भोपळ्यासारखं लोखंडी पोट होतं. त्याला आमच्याकडे हौसिंग म्हणतात. आत दात्यांची चाकं तेलात बुडून फिरतात. बापूंची तक्रार होती की पुढच्या हौसिंगमधून तेल गळतंय. मामा त्या दिवशी भाचीच्या लग्नाला पाबळला गेलेले, म्हणून वडील स्वतः खाली शिरले. तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे आत पाणी गेलेलं.

मी हातात हिरव्या रंगाचा स्प्रे घेऊन बाजूला बसले होते, कारण वडलांना गाडी रंगवून चकाचक करून द्यायची होती. हौसिंगच्या वरच्या अंगाला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मागं, चिखलात एक छोटं टोपण होतं. वडलांनी बोटानं चिखल काढला, टोपण हलवलं आणि हसले. "हे बघ. चिखलात चालवायची गाडी आन् वरनं भोक. पाण्याला दार उघडंच ठेवलंय मिलिटरीवाल्यांनी." टोपण काढून त्यांनी तिथं एक बोल्ट आवळला. "दे रंग." मी स्प्रे दिला. बोल्ट हिरवा झाला. टोपण सुट्या नटांच्या डब्यात गेलं. त्या टोपणाला आमच्या गॅरेजात बिरादर म्हणत. लहानपणी मला वाटायचं, ट्रकचे कुणी नातेवाईक असतात. साध्या ट्रकच्या मागच्या हौसिंगवरही ते असतं, तिथलं मामा दर वेळी साफ करायचे, ते कशासाठी हे वडलांनी कधी विचारलं नव्हतं. पुढं असं काही असतं हे मामांच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं, कारण आमच्याकडे कधी पुढचं हौसिंगच आलं नव्हतं. आणि ते लग्नाहून परत आले तेव्हा तिथं चिखल नव्हता, टोपण नव्हतं, हिरव्या लोखंडावर एक हिरवा बोल्ट होता. असे शंभर असतात.

मामांनी सील बसवलं. ठण्ण आवाज मी खिडकीतून ऐकला. आठ दिवसांनी गाडी परत आली, बुडाला तेलाची धार. सगळे हसले, मामाही हसले. "म्हातारपणी माळ आली बघा," म्हणत त्यांनी स्वतःच तार ओवली. वडलांनी चहा लवकर सांगितला. दुसऱ्या वेळी मामांनी दांडा पॉलिश पेपरनं घासून आरशासारखा केला, त्यावर नख फिरवून फिरवून बघितलं, मग सील बसवलं. ठण्ण. सहा दिवस. या वेळी चहा दुपारी आला, आणि दोन सीलं गळ्यात घालून मामा तोवर काम करत राहिले. खाली वाकले की ती हौसिंगवर आपटून वाजायची. गोरख, तो हवेची बंदूक चालवायचा, चांगला दोन पोरांचा बाप, तो म्हणाला, "मामा, घुंगरं कशाला बांधलीत?" तेव्हा मामा हसले नाहीत. तिसरं सील बापूंनी स्वतः पुण्याहून आणलं, कंपनीचं. तेही गळलं, आणि या वेळी चाकाच्या बाजूनंही तेल उतरून ब्रेकला लागलं.

ते तीन आठवडे आमच्या घरात फार चांगले गेले. रोज जेवताना मामांचा विषय. "बोटांनी बघतंय म्हणं. बोटाला मोतीबिंदू झालाय त्याच्या." आई हसायची. मीही हसायचे. भाकरी जाड आहे का पातळ, हे कुणी विचारलं नाही. माझ्या मान खाली घालण्याबद्दल कुणी बोललं नाही. आईनं एकदा मासवड्या केल्या, काही कारण नसताना.

तिसऱ्यांदा गाडी परत यायची होती त्याच्या आदल्या दिवशी वडलांनी मला ट्रकबरोबर आलेलं पुस्तक दिलं. झेरॉक्सची पानं, रेक्झिनचं कव्हर. "उद्या बापूसमोर वाचायचं. गळती का होती ते." मला लोकांसमोर काही करायचं असलं की मी आधी एकटीनं करून बघते. आजही ऑफिसात मीटिंगमध्ये एक वाक्य बोलायचं असलं तर मी ते बाथरूममध्ये बोलून बघते. त्या दुपारी मी खोलीचं दार लावून ती पानं वाचली. गळतीची कारणं ओळीनं दिली होती. पहिलं, सील झिजलेलं असणं. दुसरं, दांड्याला चर पडलेली असणं. तिसरं, सील वाकडं बसवलेलं असणं. आणि पान उलटल्यावर, अगदी वर, चौथं. ब्रीदर, म्हणजे आमचं बिरादर, बंद असणं. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट नसली की ती तेलाला सिलातून बाहेर ढकलते. नवं सील घातलं तरी पुन्हा गळेल, असं पुढं स्पष्ट लिहिलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. हातात स्प्रेचा डबा हलवताना आत ती गोळी वाजते, तो आवाज मला आठवला. ब्रीदर हा त्या सगळ्या पानांमधला एकच शब्द होता जो मराठीत सांगायची गरज नव्हती. मी तो इंग्रजीत नुसता उच्चारला असता तरी अख्ख्या गॅरेजला कळलं असतं. मामांना सगळ्यात आधी.

मी ठरवलं होतं, वाचायचं. हे मी मनापासून सांगते, आणि त्याला काही किंमत नाही हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक खड्ड्यावर उभा होता. बापू खुर्चीवर, वडील त्यांच्या बाजूला उभे, गोरख आणि बाकीचे दोघं टेकून. मामा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसलेले, हात गुडघ्यांवर. टक् टक्. मी गेले.

"वाचा मॅडम. सगळ्यांनी ऐका. हमीद, तू बी ऐक, तुझ्यासाठीच हाय."

मी पहिलं कारण इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं.

"सील झिजलेलं," वडील म्हणाले. "बापू, सील तुम्हीच आणलं. नवं व्हतं का?"

"कोरं. पॅक फोडून दिलंय मी."

"पुढं."

मी दुसरं वाचलं.

"दांड्याला चर. हमीद, चर व्हती का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "घासला व्हता मी. नख फिरवलं. चर न्हाई."

"तोच म्हणतोय न्हाई म्हणून. पुढं."

मी तिसरं वाचलं. मराठीत सांगताना माझा आवाज बारीक झाला असावा, कारण वडील म्हणाले, "मोठ्यानं." मी मोठ्यानं सांगितलं, "सील वाकडं बसवणं. बसवणाऱ्याची चूक."

"बसवणाऱ्याची चूक" हे पुस्तकात नव्हतं. ते मी घातलं. का घातलं ते मला तेव्हा कळलं नाही. सवयीनं. वडलांना काय ऐकायचं असतं ते मला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

 पान उलटायचं होतं. माझं बोट पानाच्या कोपऱ्यावर होतं. मी वडलांकडे बघितलं. ते खूश होते, इतके खूश की त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो ते कधी ठेवत नसत. "अजून काय हाय का?"

"नाही पप्पा," मी म्हणाले. "एवढंच आहे." आणि पुस्तक मिटलं.

तार वडलांनी स्वतः ओवली. तीन सीलं. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी मान थोडी पुढं केली, हार घालून घेताना करतात तशी. बापूंनी मोबाईल काढला. "उस्ताद, हिकडं बघा की," वडील म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी उस्ताद हा शब्द ऐकून मामांनी खरंच तिकडं बघितलं. तो व्हिडिओ तासाभरात शिरूरपासून दौंडपर्यंत प्रत्येक ट्रकवाल्याच्या मोबाईलवर होता. त्यात मागं मी दिसते, पुस्तक छातीशी धरून.

दुपार झाली. वडलांनी चहा सांगितला नाही. बापू गेले, वडीलही कंटाळले असावेत. "बास, काढ आता ते," ते म्हणाले.

"चहा व्हऊ द्या," मामा म्हणाले.

"अरे काढ म्हणतोय ना."

"रीत हाय. माझीच हाय. चहा व्हऊ द्या."

शेवटी आईनंच चहा ठेवला. मामांनी बशीत ओतून तो सावकाश प्यायला. सीलं छातीवर, त्यातल्या एकातून तेलाचा ओघळ शर्टावर आलेला. मग त्यांनी माळ काढून खिळ्याला टांगली, रॉकेलनं हात धुतले, साबणानं धुतले, पुसले, आणि न्हावऱ्याकडे चालत गेले. ते पुन्हा कामाला आले नाहीत.

चौथं सील वडलांनी स्वतः बसवलं. चार ठोके हातोड्याचे, आवाज कसला आला ते त्यांनी ऐकलंही नाही. मग सगळे जेवायला गेले. आई वाढत होती. मी पोट दुखतंय म्हणून मागच्या दारानं शेडमध्ये आले आणि नटांच्या डब्यात हात घालून टोपण शोधलं. सतरा नंबरचा पाना लागला. ट्रकखाली शिरायची माझी ती पहिली वेळ. बोल्ट घट्ट होता, पण सुटला, रंगाचा एक पापुद्रा माझ्या डोळ्यात गेला. टोपण डिझेलमध्ये बुडवून, तोंडात धरून फुंकलं. आधी फुंकर जाईना, मग गेली. तोंडात ती गंधकाची चव. टोपण बसवलं, वरून हिरवा स्प्रे अगदी पातळ मारला, बोल्ट खिशात घातला. पाच-सात मिनिटं लागली असतील. आत येऊन मी दोन शेंगोळे जास्त खाल्ले. आई म्हणाली, "थांबलं का पोट?"

त्यानंतरचे दिवस मी स्वतःला चांगली मुलगी समजत होते. माझा हिशोब साधा होता. गळती थांबेल, माळ खिळ्यावर धूळ खाईल, लोक विसरतील, मामा परत येतील. शेवटचं सील कुणाच्या हातचं आहे, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. मार्कांत मी हुशार होते.

गळती थांबली. पंधरा दिवसांनी बापू आले, खड्ड्यात उतरले, बोट फिरवलं, बोट कोरडं. त्यांनी पुन्हा मोबाईल काढला. या व्हिडिओत वडील हौसिंगवर पांढरा रुमाल फिरवतात आणि तो रुमाल कॅमेऱ्यासमोर धरतात. "हात लागतो, बापू. पुस्तकात लिव्हलंय, माझी पोरगी वाचून दाखवतीया." पहिला व्हिडिओ निदान थट्टेचा होता. हमीद मिस्त्रीची तीन सीलं नुसती गळली असती तर सील खराब, गाडी खराब, काहीही म्हणता आलं असतं. तीच गाडी, तसंच सील, हात बदलला आणि थांबली. आता म्हणायला काही उरलं नाही. ते काम मी केलं होतं. शिरूरच्या बायपासवर मामांनी दोन गॅरेजांत विचारलं, हे गोरखनंच जेवताना सांगितलं. एका ठिकाणी म्हणाले, बघू. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "मामा, ते माळवाले तुम्हीच ना?" गोरख हसत होता. वडील हसत होते. मी पाणी आणायला उठले.

मी तेव्हाही सांगू शकत होते. रोज सांगू शकत होते. लोक मला विचारतात, तू इतकी गप्प का असतेस. त्यांना वाटतं माझ्या मनात काहीतरी खोल असेल. गप्प माणूस दयाळू असतो असाही एक समज आहे.

महिन्याभरानं मामा आले. तो ट्रक पाट्यांच्या कामासाठी पुन्हा आमच्याकडे लागला होता, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. वडील तळेगाव ढमढेऱ्याला बाजाराला गेलेले, तो दिवस बघूनच ते आले असावेत. जीपमधून उतरले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, इस्त्रीचे, जसे ते कामावर कधी घालत नसत. आईनं पाणी दिलं. ते उभ्यानंच प्यायले.

"आप्पा न्हाईत?"

"नाहीत मामा," मी म्हणाले.

"बरं. मी फक्त बघून जातो. हात लावत न्हाई कशाला."

गोरखनं पोतं अंथरून दिलं. त्या कपड्यांत ते पोत्यावर पाठ टेकून ट्रकखाली सरकले. मी चाकाजवळ बसले. त्यांचे पाय बाहेर होते, चपला शेजारी काढून ठेवलेल्या. आतून काही आवाज येत नव्हता. मी वाकून बघितलं. ते डोळे मिटून दांड्याभोवती बोट फिरवत होते, सिलाच्या कडेनं, खाली, पुन्हा वर. बोट नाकाशी नेऊन हुंगलं. पुन्हा फिरवलं. त्यांचा हात वर, पाट्यांच्या मागं गेला असता तर टोपण त्यांच्या बोटांना लागलं असतं आणि त्या बोटांनी सगळं ओळखलं असतं. हात जावा असं मला वाटत होतं. जाऊ नये असंही वाटत होतं. हात गेला नाही. जे बघायला ते आले होते ते त्यांना सापडलं होतं.

ते बाहेर सरकले आणि पोत्यावरच बसून राहिले.

"कोरडं हाय," ते म्हणाले. "खडखडीत."

मी त्यांच्या चपला उचलून पुढं ठेवल्या.

"तिन्ही टायमाला आवाज बरोबर आला व्हता, पोरी. तू खिडकीत असायचीस, तू बी ऐकला असशील. ठण्ण असा. आला व्हता का?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

"म्हंजी कान बी गेला." ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, उलटा सुलटा करून. "डोळे गेले ते ठावं व्हतं. पर हाताचं मला समजलं न्हाई. माणसाला समजाय पायजे का न्हाई, आपला हात गेला म्हणून?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू वाचलेलं हायस सगळं. तुला काय वाटतं?"

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. गोरख बाहेर टायरवर पाणी मारत होता. वडील पंचवीस-तीस किलोमीटर लांब होते. इतकी चांगली संधी मला त्याआधी मिळाली नव्हती, आणि त्यानंतर मिळायची नव्हती.

"वय झालं की होतं तसं, मामा," मी म्हणाले. शाळेत शिकवलेल्या, हळू, नम्र आवाजात.

त्यांनी मान हलवली. आणि मला दिसलं की त्यांना बरं वाटलं. चेहरा सैल झाला, खांदे खाली आले. चूक नव्हती, वय होतं. वयाला कोण काय करणार.

"व्हय," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस. तू म्हणतीस तर तसंच असंल."

ते उठले. पायजमा झटकला, बाह्या झटकल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली, कारण मागची माती त्यांना दिसत नव्हती आणि तिथवर त्यांचा हात पोचत नव्हता. मी ती झटकली. कॉलरपासून खालपर्यंत, दोन्ही हातांनी, ते "बास" म्हणेपर्यंत.